दोन सख्खे भाऊ कोविडमध्ये गंभीर झाले होते, आता मुलाची जीन टेस्ट करावी का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली, तिच्याकडे पुढे येते. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही तासगाव तालुक्यातल्या. मे २०२१ मध्ये तुमचे मिस्टर ३७ व्या वर्षी कोविडने गेले. त्याच पंधरवड्यात ३४ वर्षांचा दीर अठरा दिवस ऑक्सिजनवर राहून वाचला. त्याच घरातल्या, शुगर असलेल्या ७१ वर्षांच्या सासूबाईंना मात्र दोन दिवस कणकण आली आणि गेली. सासूबाई म्हणजे तुमची सख्खी आत्या. तेव्हापासून भावकीत "ह्यांच्या रक्तातच कमी आहे" असं बोललं जातं, दिराची सोयरीक दोनदा मोडली, आणि आता एका लॅबचा माणूस तुमच्या नऊ वर्षांच्या मुलासाठी १८ हजारांचं 'इम्युनिटी जीन पॅकेज' सांगतोय. ते करू का, असं तुम्ही विचारलंय.

मी मिरजेत २२ वर्षं फिजिशियन म्हणून काम करते. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये कोविड आयसीयूत होते. जेनेटिक्स हा माझा मुख्य विषय नाही. पण घरातल्या आजारांची वंशावळ मांडून कुणाला पुढच्या तपासणीला पाठवायचं आणि कुणाला उगीच खर्चात पाडायचं नाही, हे मला नेहमी ठरवावं लागतं.

आधी उत्तर देते. मुलासाठी ते पॅकेज घेऊ नका. पण तुमची शंका वेडगळ नाही. दोन सख्खे तरुण भाऊ एकाच विषाणूने इतके आजारी पडले, हे कुठल्याही डॉक्टरने लक्ष देऊन ऐकावं असंच आहे. तपासायचंच असेल तर सुरुवात दिरापासून करायची, मुलापासून नाही. का, ते सांगते.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. दोघे भाऊ इतके आजारी का पडले? जे काही कारण होतं ते वारशाने उतरणारं आहे का? आणि असेल तर ते मुलापर्यंत आलंय का? लॅबचा माणूस पहिले दोन सोडून थेट तिसऱ्याचं उत्तर विकतोय.

पहिल्यासाठी मे २०२१ कडे परत जावं लागेल. तो महिना आठवणं तुम्हाला जड जाईल, पण त्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही.

सगळ्यात आधी लस. साठीच्या पुढच्यांना १ मार्च २०२१ पासून लस मिळत होती, पंचेचाळिशीच्या पुढच्यांना १ एप्रिलपासून, आणि १८ वर्षांवरच्या सगळ्यांना १ मेपासून. त्यातही आपल्या राज्यात तुटवड्यामुळे १८ ते ४४ वयाच्या लोकांचं लसीकरण काही दिवसांतच थांबवावं लागलं होतं. म्हणजे तुमच्या आत्याने मार्च-एप्रिलमध्ये एखादा डोस घेतला असण्याची चांगलीच शक्यता आहे, आणि दोघा मुलांना तो मिळाला असण्याची जवळजवळ नाही. म्हातारं माणूस तरलं आणि कर्ता मुलगा गेला, असं त्या उन्हाळ्यात मी कितीतरी घरांत पाहिलं. लोक म्हणायचे, जुन्या हाडाची माणसं. पण त्यांतल्या अनेकांना महिनाभर आधी लस मिळाली होती, हे कुणी मोजत नव्हतं. आत्याचं लशीचं सर्टिफिकेट काढा आणि तारीख बघा. "साखर असून आई वाचली आणि धडधाकट मुलगा गेला" हे जे तुम्हाला कोडं वाटतंय, ते कदाचित त्या एका तारखेने सुटेल.

मग साखर. मिस्टरांना कसलाही आजार नव्हता, भरती केल्यावर शुगर ३४० निघाली आणि ती स्टिरॉइडमुळे असल्याचं सांगितलं गेलं, असं तुम्ही लिहिलंय. असू शकतं. पण त्यांच्या फाइलमध्ये एचबीए१सी केलं होतं का, शोधा. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, चार दिवसांच्या स्टिरॉइडने ती फारशी हलत नाही. आकडा साडेसहा किंवा त्याच्या वर असेल तर मधुमेह आधीपासून होता, फक्त कुणी तपासला नव्हता. आईला मधुमेह आणि मुलगा पस्तिशीचा, पोट थोडं सुटलेलं, 'मला काय झालंय' म्हणून रक्त कधीच न तपासलेला, असे पुरुष माझ्या ओपीडीत दर आठवड्याला येतात.

तिसरी गोष्ट म्हणजे दिवस आणि औषधं. ताप आल्यापासून कितव्या दिवशी ऑक्सिजन मोजला? स्टिरॉइड कितव्या दिवशी सुरू झालं? जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' ट्रायलमधून कळलं की डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने कमी होतात. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याचा फायदा झाला नाही, उलट कल नुकसानीकडे होता. त्या धामधुमीत पहिल्या-दुसऱ्या दिवशीच स्टिरॉइड लिहिलेल्या कितीतरी चिठ्ठ्या माझ्या हातात आल्या. कुणावर ठपका ठेवायला हे लिहीत नाही. बेड नव्हते, जो तो जमेल ते करत होता, आणि "आपण लवकर हललो असतो तर" हे ओझं तुम्ही तर अजिबात घेऊ नका. पण दोघा भावांना एकाच डॉक्टरांनी एकाच पद्धतीने औषध दिलं असेल, तर दोघांचं सारखं बिघडण्याचं तेही एक कारण होऊ शकतं, आणि त्याचा रक्ताशी संबंध नाही.

शिवाय दोघे भाऊ त्या दिवसांत बेदाणा शेडवर एकाच बंद खोलीत झोपत होते, हे तुम्हीच लिहिलंय. तुमच्याकडे द्राक्षबाग आहे म्हणून सांगते: दोन्ही प्लॉटमध्ये एकच वाण असतं, एकाच रात्री दोन्हीवर पाऊस पडतो, पण छाटणी मागेपुढे झालेली असते. जो प्लॉट फुलोऱ्यात सापडला त्याला डाऊनी रोग घेऊन जातो, दुसरा निभावतो. तिथे कुणी वाणाला दोष देत नाही. भाऊ-भाऊ गंभीर झाले म्हणून लगेच वाणाकडे बोट दाखवायचं नसतं, एवढंच मला म्हणायचंय.

आता समजा, हे सगळं तपासलं. लस नव्हती पण साखर नॉर्मल होती, वजन बेताचं होतं, दाखल वेळेवर केलं, औषधं योग्य वेळी मिळाली, आणि तरीही दोघेही आठवड्याभरात त्या अवस्थेला गेले. मग जीनचा विचार रास्त ठरतो.

कारण विषाणूशी लढण्याची ताकद वारशाने कमी-जास्त मिळते, यात शंका नाही. डेन्मार्कमध्ये १९२४ ते १९२६ या काळात जन्मलेल्या आणि दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंबं होती ९६०. जन्म देणारे आई किंवा वडील पन्नाशीच्या आत जंतुसंसर्गाने गेले असतील, तर दत्तक गेलेल्या मुलालाही संसर्गाने अकाली मरण येण्याचा धोका जवळपास सहापट दिसला. ज्यांनी वाढवलं त्या आईवडिलांच्या तशा मरणाने मात्र हा धोका वाढला नाही. घर, अन्न, पाणी सगळं वेगळं असूनही रक्ताचा वारसा दिसत होता.

मी स्वतः हे पहिल्यांदा पाहिलं ते एचआयव्हीत. आपला सांगली जिल्हा एकेकाळी एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत मोजला जायचा. २००४ मध्ये सरकारी मोफत औषधं सुरू झाली, त्याच्या आसपासचे रुग्ण मला आठवतात. साधारण एकाच सुमाराला लागण झालेले दोघे ट्रकवाले. एकाच्या सीडी४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्या संरक्षक पेशी मारतो त्या, चार वर्षांत शंभराच्या खाली, दुसरा औषधाशिवाय दहा वर्षं गाडी चालवत होता. त्या वेळी आम्ही "नशीब" म्हणायचो. आता माहीत आहे की एचएलए-बी५७ किंवा बी२७ नावाचे प्रकार ज्यांच्या पेशींवर असतात, त्यांच्यात हा विषाणू बराच काळ दबून राहतो. सीसीआर५ नावाच्या जीनमधला ३२ अक्षरांचा तुकडा आई आणि वडील अशा दोघांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत नसेल, तर एचआयव्हीच्या नेहमीच्या प्रकाराला पेशीत शिरायला दारच मिळत नाही. उत्तर युरोपात शंभरात साधारण एकाला हे लाभतं. आपल्याकडे ते फारच क्वचित.

पण 'जीनमुळे आजार वाढतो' या एकाच वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात, आणि पॅकेज विकणारे त्यांची सरमिसळ करतात.

एक म्हणजे लाखो लोकांत असणारे, थोडा-थोडा परिणाम करणारे फरक. कोविडमधला सगळ्यात गाजलेला फरक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. २०२० मध्ये इटली आणि स्पेनच्या रुग्णांत तो सापडला. त्याच वर्षी ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो यांनी दाखवलं की हा तुकडा आपल्याला निअँडरथल मानवाकडून मिळालेला आहे. पेबोंना पुढे २०२२ चं नोबेल मिळालं. युरोपात हा तुकडा साधारण १६ टक्के लोकांत आहे, दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत. तो असेल तर गंभीर आजाराचा धोका साधारण दीड-पावणेदोन पट होतो. ऐकायला हे मोठं वाटतं. पण समजा, एखाद्या तरुण माणसाचा मूळ धोका हजारात दोन आहे. मग तो हजारात तीन-साडेतीन होईल. वय, मधुमेह आणि लस यांनी यापेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो. आणि जी गोष्ट आपल्या एस.टी.तल्या निम्म्या प्रवाशांत आहे, तिच्यामुळे तुमच्याच घरात दोघे का आजारी पडले, हे कसं कळणार? रक्तगटाचंही तसंच. 'ओ' गटाला थोडं संरक्षण, 'ए' गटाला थोडा जास्त धोका, हा फरक हजारो रुग्णांच्या हिशोबात दिसतो, एका घरात दिसत नाही.

म्हणून हे शोध वाया गेले असं मी म्हणणार नाही. ब्रिटनच्या आयसीयूमधल्या रुग्णांच्या अभ्यासात टीवायके२ आणि आयएफएनएआर२ ही जीन पुढे आली, त्यातून कुठली औषधं उपयोगी पडतील याला दिशा मिळाली. बॅरिसिटिनिब हे औषध ज्या जातीच्या प्रथिनांना आवरतं त्यांतलंच टीवायके२ एक आहे, आणि २०२२ मध्ये त्या औषधाने मृत्यू कमी होतात हे ट्रायलमध्ये दिसलं. हे फरक औषध शोधणाऱ्यांच्या कामाचे आहेत. तुमच्या मुलाचं भविष्य त्यांवरून सांगता येत नाही. पॅकेजमध्ये मात्र बहुतेक हेच फरक मोजतात आणि लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांत छापून देतात.

दुसरी गोष्ट म्हणजे दुर्मीळ, पण एकटाच मोठा घाव घालणारा दोष. तुमच्या शंकेत काही तथ्य असेल तर ते इथे आहे.

विषाणू पेशीत शिरला की पेशीने तो ओळखायचा असतो आणि शेजारच्या पेशींना सावध करायचं असतं. हा निरोप म्हणजे इंटरफेरॉन, तो १९५७ मध्ये लंडनमध्ये सापडला. सांगलीत कृष्णा चढायला लागली की सगळे आयर्विन पुलाची पातळी विचारतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. इशारा वेळेवर मिळाला तर जनावरं हलतात, धान्य माळ्यावर जातं. तोच दोन दिवस उशिरा मिळाला तर तेवढ्याच पाण्यात घर जातं. काही लोकांत ही पातळी मोजणारी पट्टीच जन्मतः नसते. बाकी सगळी प्रतिकारशक्ती शाबूत असते, वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि मग एखाद्या ठरावीक विषाणूपुढे माणूस कोसळतो.

याची उदाहरणं पक्की आहेत. टीएलआर३ या जीनमध्ये दोष असलेल्या मुलांत साध्या नागिणीच्या जातीचा विषाणू, जो बहुतेकांना ओठावर फोड आणून जातो, तो मेंदूत शिरतो. हे २००७ मध्ये कळलं. आयआरएफ७ च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या एका मुलीला साध्या फ्लूने व्हेंटिलेटरवर नेलं होतं, ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. कोविडमध्ये अतिगंभीर झालेल्या ६५९ जणांची अशी जीन तपासली, त्यांत २३ जणांत दोष सापडला, म्हणजे शंभरात साडेतीन. आणि जुलै २०२० मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या घरांतल्या सख्ख्या भावांच्या दोन जोड्या मांडल्या. वयं २१ ते ३२, आधीचा कसलाही मोठा आजार नाही, चौघेही व्हेंटिलेटरवर, एकाचा मृत्यू. चौघांतही टीएलआर७ हे जीन बिघडलेलं होतं.

सख्खे भाऊच का? कारण टीएलआर७ एक्स गुणसूत्रावर आहे. बाईकडे दोन एक्स असतात, एक बिघडला तरी दुसरा निभावून नेतो. पुरुषाकडे एकच, त्याच्या जोडीला वाय. म्हणून आईला काही होत नाही आणि मुलगे आजारी पडतात. पुढच्या अभ्यासात साठीच्या आतल्या अतिगंभीर पुरुषांत शंभरात जवळपास दोघांना हा दोष सापडला. काही जणांना दोष असूनही आजार सौम्य गेला, हेही लक्षात ठेवा.

आता ती गोष्ट, जी मला दुसऱ्या वाचनात दिसली.

ओपीडीत असं घर आलं की मी केसपेपर उलटा करते आणि मागच्या कोऱ्या बाजूला वंशावळ काढते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, लग्नाला आडवी रेघ, आणि नात्यातलं लग्न असेल तर दुहेरी रेघ. तुमचा प्रश्न वाचता वाचता मी ती काढली. आधी चौकोन-गोल मांडले: दोघे भाऊ, त्यांची आई, तुमचा मुलगा. एक्सवरचा दोष असेल तर तो दोघा भावांना आईकडून आला. मिस्टरांनी मुलाला वाय दिला, एक्स दिलाच नाही. म्हणजे वडिलांच्या एक्सवरचा दोष मुलाला मिळूच शकत नाही. तुमचं लग्न नात्याबाहेर झालं असतं तर मी "या बाबतीत निर्धास्त राहा" लिहून थांबले असते.

पण तुम्ही मामाची मुलगी म्हणून त्या घरात गेलात. मला रेघ दुहेरी करावी लागली.

आत्याकडे बिघडलेला एक्स आलाच असेल तर तो एक तर तिच्या वडिलांकडून, नाही तर आईकडून, म्हणजे तुमच्या आजीकडून. निम्मी-निम्मी शक्यता. आजोबांकडून आला असेल तर तुमच्या वडिलांचा त्याच्याशी संबंध नाही, कारण मुलगा बापाचा एक्स घेत नाही. आजीकडून आला असेल तर तो तुमच्या वडिलांनाही मिळण्याची शक्यता निम्मी. त्यांना मिळाला असेल तर त्यांनी तो तुम्हाला दिलाच, कारण मुलीला द्यायला बापाकडे दुसरा एक्स नसतो. आणि तुमच्याकडून मुलाला येण्याची शक्यता पुन्हा निम्मी. सगळं गुणलं की आठात एक. हा आठातला एक भाग तेव्हाच, जेव्हा मुळात असा दोष घरात आहे. तो असण्याचीच शक्यता थोडी आहे, हे वर लिहिलंच. आणि तुमच्या वडिलांना २०२० मध्ये किंवा लशीआधी कोविड होऊन तो साधा गेला असेल, तर ही शक्यता आणखी खाली येते.

दोष एक्सवर नसून दुसरीकडे असेल तर हिशोब बदलतो. टीएलआर३ सारख्या जीनमध्ये कधीकधी एकच बिघडलेली प्रत पुरते, तिथे वडिलांकडून मुलाकडे निम्मी शक्यता. काही दोषांना दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. तिथे वडिलांकडून एक प्रत मुलाला नक्की, आणि दुसरी तुमच्याकडून येण्याची शक्यता नात्यामुळे पुन्हा आठात एक. लग्न परक्या घरात झालं असतं तर ही नगण्य राहिली असती.

म्हणूनच दिरापासून सुरुवात. जो आजारी पडला त्याच्यात दोष शोधायचा, हा जेनेटिक्समधला साधा नियम. दिरात नक्की दोष सापडला, तर मुलात तेवढी एकच जागा बघायची. खर्च कमी, उत्तर हो किंवा नाही. दिरात काही सापडलं नाही, तर मुलात काय शोधायचं हेच ठाऊक नसतं. निरोगी मुलाची सगळी जीन वाचली की 'अर्थ न ठरलेले बदल' नावाचे डझनभर शेरे हमखास येतात, आणि आईवडील वर्षानुवर्षं त्या कागदाला घाबरून राहतात.

दिराच्या बाबतीत आणखी एक तपासणी विचारात घ्यायला हवी. काही लोकांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी असतात. २०२० च्या अभ्यासात अतिगंभीर ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांत त्या सापडल्या, बहुतेक पुरुष. परिणाम जीनच्या दोषासारखाच, पण हा प्रकार बहुधा नंतर घडलेला असतो, मुलांकडे जात नाही. ही तपासणी साध्या लॅबमध्ये होत नाही, संशोधन संस्थांत होते. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषांवर काम करणारी आपल्याला सगळ्यात जवळची सरकारी संस्था म्हणजे मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारातली आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था. तिथे थेट जाऊन उभं राहू नका. आधी फिजिशियनकडून सगळा इतिहास लिहून घ्या, समुपदेशन होऊ द्या, मग रक्त.

मी पाठवलेल्या प्रत्येकाला उत्तर मिळतं असं नाही, हेही सांगते. जत तालुक्यातला सहा वर्षांचा मुलगा फ्लूने गंभीर झाला होता. आईवडील मामेबहीण-आतेभाऊ. वंशावळ काढताना आजीला विचारलं, "तुमची भावंडं किती?" म्हणाली, पाच. "जन्मली किती?" तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि बोटांवर मोजून म्हणाली, आठ, तीन पोरं गोवरात गेली. तीनही मुलगे. मी त्यांना मुंबईला पाठवलं. काही सापडलं नाही. पण त्या मोजण्याने एवढं झालं की आता ते घर मुलाचा फ्लूचा डोस चुकवत नाही, आणि ताप आला की तिसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. तुम्हीही आत्याला आणि आजी असतील तर आजीला असंच विचारा. "किती आहेत" नाही, "किती जन्मली" विचारा, आणि गेलेले मुलगे किती, मुली किती, तेही.

मुलाबद्दल आज तुमच्या हातात बरंच आहे. तो २०२१ मध्ये पाच वर्षांचा होता आणि त्याच घरात होता, म्हणजे विषाणू त्याच्यापर्यंत बहुतेक पोचलाच होता. लहान मुलांना कोविड तसाही सौम्य जायचा, म्हणून हा पुरावा पूर्ण नाही, पण दिलासा देणारा आहे. गेल्या नऊ वर्षांत त्याला कांजिण्या, फ्लू, डेंग्यू यांपैकी काय झालं आणि ते कसं गेलं, हे लिहून काढा. नेहमीच्या मुलांसारखं गेलं असेल तर ती नऊ वर्षंच त्याची मोठी तपासणी आहे. लशींचं कार्ड बघा, गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झालेत का. पावसाळ्याआधी दर वर्षी फ्लूचा डोस द्या. "रक्तात कमी आहे म्हणून लस सोसणार नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. अशा घरात लस जास्त गरजेची असते. प्रतिकारशक्तीचा ठरावीक गंभीर दोष पक्का सापडला, तरच जिवंत विषाणूंच्या लशींबद्दल तज्ज्ञाला वेगळं विचारावं लागतं. आणि त्याला कधी विषाणूने मेंदूज्वर झाला, एखाद्या साध्या तापात आयसीयू लागलं, किंवा वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, तर दिराच्या रिपोर्टची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना हा सगळा इतिहास सांगा.

दिराची शुगर आणि एचबीए१सी मात्र याच आठवड्यात करा. ती तपासणी स्वस्त आहे, तासगावातही होते, आणि काही सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त तिथेच आहे.

राहिली सोयरीक. पाहुण्यांना सांगायला तुमच्याकडे खरं उत्तर आहे. एक्सवरचा दोष निघालाच, तरी दिराच्या मुलग्यांना तो त्याच्याकडून जात नाही, आणि मुली फक्त वाहक राहतात. इतर दोष निघाला तर लग्नाआधी समुपदेशन घेता येतं. एकच गोष्ट मी आग्रहाने सांगेन: त्याच्यासाठी तुमच्या माहेरातली, म्हणजे त्याच्या मामाच्या नात्यातली मुलगी बघू नका, नात्याबाहेर बघा.

आणि आत्याशी बोलताना शब्द जपा. "तुमच्याकडून आलं" असं कुणी तिच्यासमोर बोलू नये. तिचा एक मुलगा गेलाय, आणि अजून काहीही सिद्ध झालेलं नाही.

भेटायला येणार असाल तर मिस्टरांची पूर्ण फाइल, दिराचं डिस्चार्ज कार्ड, दोघांचे एचआरसीटी आणि रक्ताचे रिपोर्ट, गावातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, आत्याचं लशीचं सर्टिफिकेट आणि मुलाचं लशींचं कार्ड घेऊन या. दिराला सोबत आणा. मुलाची शाळा बुडवू नका, त्याला आणायची गरज नाही.